संगणकांच्या इतिहासाचे जतन

संगणक, त्यांच्या आज्ञावल्या, रेखाटने व कागदपत्रे आणि ती यंत्रे घडविणाऱ्या व चालविणाऱ्या व्यक्तींच्या आठवणी यांचा संग्रह, परिरक्षण व अभ्यास करणारी ही ज्ञानशाखा विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात आकाराला आली. अमेरिकेत १९७८ मध्ये चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली व १९७९ पासून संगणनाच्या इतिहासाला वाहिलेले एक स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. ब्रिटनमध्ये १९८९ साली ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी व लंडनचे सायन्स म्यूझियम यांच्या सहकार्याने ‘कॉम्प्युटर कॉन्झर्व्हेशन सोसायटी’ सुरू झाली. जुनी यंत्रे केवळ मांडून न ठेवता ती पुन्हा चालती करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

या विषयातील मुख्य अडचण वस्तूच्या स्वरूपातच आहे. जुनी तलवार, रहाट किंवा माग पाहिला, की त्याचा उपयोग बहुतांशी ध्यानात येतो. बंद पडलेला संगणक मात्र तारा आणि निर्वात नलिका यांनी भरलेले एक कपाट असते. त्याचे सार त्याच्या आकारात नसून क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या अवस्थांत असते आणि वीज तोडताच त्या अवस्था नाहीशा होतात. शिवाय आरंभीचे संगणक ही ऐतिहासिक वस्तू आहे, याची जाणीव ती बनविणाऱ्यांनाही नव्हती. नवे यंत्र आले, की जुने सुटे करून त्याचे भाग दुसरीकडे वापरीत किंवा धातू मोडीत काढीत. काही यंत्रे युद्धात नष्ट झाली. जर्मन अभियंता कोन्राट त्सूझे यांचे झेड-१ व झेड-३ हे दोन्ही संगणक बर्लिनवरील बाँबवर्षावात गेले. त्यांपैकी झेड-१ हे यंत्र त्सूझे यांनी स्वतःच, वयाच्या सत्तरीनंतर, पुन्हा उभे केले. ते १९८९ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्या संग्रहालयात ठेवण्यात आले.

कोलोसस : गुप्ततेमुळे झालेल्या हानीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोलोसस हे ब्रिटिश यंत्र. जर्मन सेनाधिकाऱ्यांचे लोरेन्झ यंत्राने गुप्त केलेले दूरमुद्रक संदेश उलगडण्यासाठी टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात टॉमी फ्लॉवर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बनविले. १९४४ च्या आरंभी पहिले यंत्र ब्लेचली पार्क येथे कामाला लागले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या दहावर गेली. सुधारित नमुन्यात सु. २,४०० निर्वात नलिका होत्या. सच्छिद्र कागदी फितीवरील अक्षरे प्रकाशविद्युत् घटांच्या साहाय्याने सेकंदाला ५,००० या वेगाने वाचली जात. युद्धानंतर दोन यंत्रे वगळता बाकीची मोडण्यात आली व उरलेली दोन १९६० च्या सुमारास नष्ट झाली. वरिष्ठांच्या आज्ञेवरून फ्लॉवर्स यांनी मूळ रेखाटने भट्टीत जाळली. १९७५ च्या सुमारास काही छायाचित्रे खुली होईपर्यंत या यंत्राचा उच्चारही निषिद्ध होता. परिणामी संगणकाच्या इतिहासाची त्या काळातील पुस्तके कोलोसससंबंधी अर्थातच मौन पाळून आहेत आणि इलेक्ट्रॉनीय संगणनाचा आरंभ ती सरसकट अमेरिकेतील एनिॲक या यंत्रापासून धरतात.

टोनी सेल या अभियंत्यांनी १९९३ मध्ये कोलोससच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्याजवळ १९४५ मध्ये घेतलेली आठ छायाचित्रे व मंडलाकृतींचे काही तुकडे एवढीच सामग्री होती. हे तुकडे काही अभियंत्यांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवले होते. या नियमभंगाबद्दल इतिहासकारांनी कृतज्ञच राहावयास हवे. छायाचित्रांतील यथादर्शनावरून सेल यांनी संगणकाच्याच मदतीने सांगाड्याची मापे काढली. फीत वाचणाऱ्या भागाची रेखाटने उपलब्ध नव्हती. परंतु त्याचे मूळ अभिकल्पक आर्नल्ड लिंच हयात होते व त्यांच्या साहाय्याने तो भाग पुन्हा आखता आला. कोलोसस टपाल खात्याच्या प्रमाणित दूरध्वनी सामग्रीतून बनविलेला होता आणि नेमक्या याच सुमारास ब्रिटनमधील जुनी दूरध्वनी केंद्रे मोडली जात होती, त्यामुळे भागांचा पुरवठा झाला. हा योग दहा वर्षे आधी किंवा नंतर जुळला नसता. ६ जून १९९६ रोजी फ्लॉवर्स यांच्या उपस्थितीत यंत्र प्रथम चालविण्यात आले आणि २००७ मध्ये ते पूर्णत्वास गेले. ब्लेचली पार्कमध्ये ज्या इमारतीत पूर्वी नवव्या क्रमांकाचा कोलोसस होता, तेथेच ते उभे आहे.

बॅबेज यांचे भेदयंत्र : येथे प्रश्न वेगळा होता. चार्ल्स बॅबेज यांनी १८४७–४९ या काळात आखलेले दुसरे भेदयंत्र त्यांच्या हयातीत बनलेच नाही. बहुपदींची मूल्ये केवळ बेरजांच्या पुनरावृत्तीने काढून गणिती कोष्टके छापणे, हा त्याचा हेतू. ते अपुरे राहण्याचे कारण एकोणिसाव्या शतकातील कारागिरीची मर्यादा होती, की पैसा व स्वभाव यांचे प्रश्न होते, हा इतिहासकारांचा जुना वाद. सायन्स म्यूझियममध्ये डोरन स्वेड यांच्या नेतृत्वाखाली, बॅबेज यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, १९९१ मध्ये गणन-विभाग पूर्ण झाला. त्यात सु. ४,००० भाग आहेत. भाग आधुनिक यंत्रांवर कातले असले, तरी बॅबेजकालीन कारागिरांना साधणाऱ्या अचूकतेपलीकडे जाण्याचे कटाक्षाने टाळण्यात आले. मूळ आराखड्यांत काही चुका आढळल्या व त्या दुरुस्त कराव्या लागल्या. त्यानंतर यंत्राने ३१ अंकांपर्यंतची गणिते बिनचूक केली. सारांश, बॅबेज यांची कल्पना तत्कालीन धातुकामाच्या आवाक्यात होती. हा निष्कर्ष कागदपत्रांच्या वाचनातून निघण्याजोगा नव्हता. तो यंत्र घडविल्यानेच हाती आला. पुनर्रचना हे संशोधनाचे साधन ठरते, ते या अर्थाने.

मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी चाललेला छोटा संगणक (‘बेबी’) हा स्वतःच्याच इलेक्ट्रॉनीय स्मृतीत साठविलेली आज्ञावली चालविणारा पहिला संगणक होय. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न व जेफ टूटिल यांनी तो बनविला. त्याची स्मृती ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भाराच्या ठिपक्यांची असून तिची क्षमता अवघी १,०२४ द्विमान अंकांची होती. क्रिस बर्टन यांच्या पुढाकाराने तयार झालेली त्याची प्रतिकृती बरोबर ५० वर्षांनी चालविण्यात आली. त्या वेळी असे आढळले, की ज्या १७ आज्ञांमुळे हे यंत्र इतिहासात गेले, त्यांची मूळ नोंदच उरलेली नाही. टूटिल यांच्या वहीत काही आठवड्यांनंतरची सुधारित आवृत्ती होती. तिच्यावरून व निर्मात्यांच्या स्मरणावरून पहिली आज्ञावली मागे जाऊन जुळवावी लागली.

मूळ वस्तू व चालती वस्तू : या दोहोंतील निवड ही या क्षेत्रातील कायमची विवंचना आहे. यंत्र चालवावयाचे, तर जळालेल्या नलिका, झिजलेली वेष्टने व निकामी धारित्रे बदलावी लागतात आणि प्रत्येक बदलागणिक मूळ वस्तूचा अंश कमी होतो. ऑस्ट्रेलियातील सायरॅक हा १९४९ मध्ये प्रथम चाललेला संगणक जवळजवळ अखंड स्थितीत टिकून आहे. त्याची सामग्री न बदलता तो जसाच्या तसा राखलेला असून त्याच्या कार्याचा अभ्यास दुसऱ्या संगणकावरील अनुकारक आज्ञावलीने होतो. उलट, ब्रिटनमधील हार्वेल येथील १९५१ चा डेकाट्रॉन संगणक दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा चालू करण्यात आला. केंब्रिजच्या एडसॅकची प्रतिकृती रचताना तडजोड करावी लागली : मूळ यंत्रातील पाऱ्याच्या विलंब-नलिका आरोग्यास अपायकारक असल्याने त्यांच्या जागी निकेलच्या तारा योजण्यात आल्या. अशी तडजोड लिहून ठेवलेली असली, तर तिच्यात वावगे काही नाही. तिची नोंद राहिली नाही, तर मात्र पुढील पिढी प्रतिकृतीलाच पुरावा मानू लागेल.

व्यक्तींची नोंद : यंत्राइतकीच ती चालविणाऱ्यांची नोंदही नाजूक असते. एनिॲकच्या १९४६ च्या छायाचित्रांत यंत्राजवळ उभ्या असलेल्या स्त्रिया कोण, याची विचारणा कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीने १९८० नंतरच्या दशकात केली. शीतकपाटाच्या जाहिरातीत दिसतात तशा, शोभेसाठी उभ्या केलेल्या त्या तरुणी असाव्यात, असे तिला सांगण्यात आले. प्रत्यक्षात एनिॲकसाठी आज्ञावल्या तयार करणाऱ्या सहा स्त्रियांपैकी त्या होत्या. क्लाइमन यांनी त्यांतील हयात स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या. छायाचित्र अस्तित्वात होते, केवळ त्याखालची नावे गळाली होती.

माहिती व आज्ञावल्या : या धातूपेक्षाही लवकर नष्ट होतात. इंग्लंडमधील डूम्सडे बुक ही १०८६ सालची चर्मपत्रांवरील जमीनपाहणी आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीच्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागाने नवी पाहणी करून ती लेसर तबकड्यांवर नोंदविली. ती वाचणारी यंत्रे बाजारातून गेली आणि जेमतेम पंधरा वर्षांत तबकड्या शाबूत असूनही मजकूर हाती लागेनासा झाला. लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या प्रकल्पात २००२ मध्ये जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब वठविणारी अनुकारक आज्ञावली लिहून तो पुन्हा पडद्यावर आणण्यात आला.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका असून फेराइट कड्यांच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. तत्पूर्वी १९५६ मध्ये एक लहान प्रायोगिक यंत्र चालवून पाहण्यात आले होते. संस्थेत १९६४ मध्ये आयात केलेला सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे आयुष्य संपले. चार-पाच वर्षे चाललेल्या या यंत्राचे खरे ऐतिहासिक मोल त्याच्या गणनवेगात नाही. संगणक कधी पाहिलेलाही नसलेल्या तरुण अभियंत्यांनी तो बनविताना काय शिकून घेतले, यात ते आहे आणि हे शिक्षण सुट्या भागांच्या यादीत सापडत नाही. कामाच्या वह्या, पत्रव्यवहार व मुलाखती यांतूनच ते हाती येऊ शकते.

देवनागरी मजकूर : मराठी वाचकाच्या अधिक जवळचा प्रश्न संगणकावर जुळविलेल्या मजकुराचा आहे. १९८० ते २००० या काळात मराठी मजकूर छपाईसाठी जुळविताना बहुधा असे अक्षरसंच वापरीत, की ज्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीच्या आकृतींचे तुकडे बसविलेले असत : कोठे नुसता काना, कोठे अर्धे अक्षर, कोठे रफार. प्रत्येक संचाची मांडणी निराळी. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली व १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत इस्कीच्या आधाराने देवनागरीचा समावेश झाला. तरीही छापखान्यांतील काम पुढे बरीच वर्षे जुन्या अक्षरसंचांवरच चालू राहिले. अशा संचातील मजकूर तो संच नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. छापील प्रत असेल, तर ग्रंथ वाचतो. ती नसेल, तर धारिका सुरक्षित असूनही ग्रंथ हरवलेलाच असतो.

रूपांतरासाठी प्रत्येक संचाचे स्वतंत्र कोष्टक लागते आणि केवळ आकृतीऐवजी अक्षर ठेवून भागत नाही. ‘कि’ लिहिताना या संचांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी, नोंदलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराची गत याच्या नेमकी उलट : ‘अर्थ’ या शब्दात तो जुन्या संचात ‘थ’ नंतर, तर युनिकोडमध्ये ‘थ’ पूर्वी. ‘मूर्ती’सारख्या शब्दात मात्रा व रफार या दोहोंच्या जागा एकदम सांभाळाव्या लागतात आणि नेमक्या अशाच ठिकाणी यांत्रिक रूपांतरात चुका राहतात. म्हणून धारिकेबरोबर मूळ अक्षरसंच, त्याची आवृत्ती, तो ज्या आज्ञावलीत वापरला तिचे नाव आणि निदान काही पानांची छापील प्रत एकत्र ठेवावी लागते. त्या पानांशी ताडून पाहिल्यावरच रूपांतराचे कोष्टक बरोबर आहे किंवा नाही, हे ठरविता येते.