निरोपाच्या बैठकींत वाइनची परीक्षा

आमचे एक स्नेही कृषिखात्याच्या सेवेंतून निवृत्त झाले. त्यांस निरोप देण्यासाठीं आम्ही पांचसहा द्राक्षबागाइतदार नाशिकजवळच्या एका मळ्यांत जमलों होतों. थॉमसन सीडलेसची बाग काढून वाइनच्या द्राक्षांची लागवड करावी, असें यजमानांच्या मनांत होतें. म्हणून त्यांनीं तीन वाणांच्या वाइन चाखावयास मांडल्या.

शेनिन ब्लां मधाळ, फळांच्या वासाची; सोव्हिन्यों ब्लां आंबटसर, हिरव्या मिरचीची आठवण देणारी; शिराझ काळसर लाल, तुरट व मिऱ्यासारखी. शिराझ दोन मळ्यांची होती. एकीची चव भरदार, दुसरीची पाणचट. वाण एकच असतां हा भेद कां, असें आम्हीं विचारलें. स्नेही म्हणाले, "रंग व तुरटपणा मुख्यतः सालींत असतो, साल रसाबरोबर आंबते तेव्हां तो उतरतो. वेलावर घड बेसुमार ठेवले, तर रंग फिका व चव पातळ होते."

मग त्यांनीं जुनी गोष्ट काढली. २००१ सालीं राज्याचें द्राक्षप्रक्रिया धोरण आलें व लागवड वाढली. २००८ नंतर मागणी मंदावली, तेव्हां अनेकांचा माल पडून राहिला व बागा तोडाव्या लागल्या. हीं द्राक्षें बारीक, बियांचीं व जाड सालीचीं. खाण्याच्या बाजारांत त्यांस गिऱ्हाईक मिळत नाहीं.

यजमानांनीं स्नेह्यांस शालश्रीफळ अर्पण केलें, आणि खरेदीचा लेखी करार हातीं येईपर्यंत जुन्या बागेस कुऱ्हाड लावणार नाहीं, असें वचन दिलें. बागाइतदार बंधूंनींही तसेंच करावें, अशी आमची विनंती आहे.