बॅग भरली आणि जीव गेला: ‘डायब्लो टू’मधल्या लुटीचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत डेड स्टॉकबद्दल बोलता बोलता मी एका कॉम्प्युटर गेमचं उदाहरण दिलं आणि घाईघाईत पुढे गेलो. ते अर्धवट राहिलं, हे मलाही जाणवलं. व्हिडिओ पंधरा मिनिटांत संपवायचा असतो, ब्लॉगला ती अट नाही. म्हणून आज सगळं नीट सांगतो. तुम्ही गेम खेळत नसाल तरी वाचा, कारण यातला आकड्यांचा भाग तुमच्या रोजच्या कामाचाच आहे.

गेम आहे ‘डायब्लो टू’. मूळ गेम २००० सालचा, पुढच्या वर्षी त्याचा ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा वाढीव भाग आला आणि २०२१मध्ये ‘रिझरेक्टेड’ नावाने चित्रं नव्याने करून तोच गेम परत आला. मी हा नवा अवतार खेळतो. दुकान बंद केलेल्या माणसाची रात्री दहानंतरची सवय म्हणा.

खेळ साधा आहे. राक्षस मारायचे, ते मेल्यावर काहीतरी सांडतात, ते उचलायचं, चांगलं असेल ते अंगावर चढवायचं, म्हणजे आणखी मोठे राक्षस मारता येतात. लढाई आणि लूट, दोनच गोष्टी. गंमत अशी की या दोन गोष्टी एकमेकींना मदत करतात असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्या एकाच गल्ल्यातून पैसे काढत असतात. हे कळायला मला ८७ लेव्हलची एक सोर्सरेस गमवावी लागली.

चाळीस घरांची बॅग

तुमच्या पात्राकडे जी बॅग असते ती रुंदीला १० आणि उंचीला ४, म्हणजे ४० घरांची. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं समजा. अंगठी, ताईत, रून असल्या वस्तू एका घरात मावतात. चिलखत २ बाय ३, म्हणजे सहा घरं खातं. मोठा भाला-परशू आठ घरं घेऊन बसतो.

आता या चाळीसपैकी तुमची किती? गावात परत जायच्या मंत्रांचं पुस्तक दोन घरं. वस्तू ओळखायच्या मंत्रांचं पुस्तक आणखी दोन. होराड्रिक क्यूब नावाची पेटी चार घरं. झाली आठ. उरली बत्तीस. बत्तीस घरं म्हणजे फार तर चार चिलखतं आणि थोडा खुर्दा.

ओळखायचं पुस्तक तर मी आता ठेवतच नाही. पहिल्या अंकात ट्रिस्ट्रम गावातून केन नावाच्या म्हाताऱ्याला सोडवलं, की तो तुमच्या सगळ्या वस्तू फुकट ओळखून देतो. फुकट सेवा मिळत असताना तिच्यासाठी जागेचं भाडं कशाला भरायचं? क्यूबचं मात्र उलट आहे. ती बाहेरून चार घरं घेते आणि आत बारा घरांचा माल मावतो. आठ घरांचा निव्वळ फायदा. ती सोडायची नाही.

खरा पेच येतो तो ‘चार्म’मुळे. चार्म ही अशी वस्तू आहे, की ती अंगावर घालायची नसते, नुसती बॅगेत पडून असली तरी ताकद देते. कुणी जीव वाढवतो, कुणी आगीपासून बचाव करतो, कुणी तुमच्या मंत्रांचं बळ वाढवतो. लहान चार्म एक घर, मधला दोन, मोठा तीन. पण अट अशी की तो बॅगेतच हवा. क्यूबमध्ये टाकलात की मेला.

बघा, काय रचना केली आहे! लढायची ताकद आणि लूट ठेवायची जागा, दोन्ही एकाच चाळीस घरांत. एक मोठा चार्म ठेवलात की तीन अंगठ्यांची जागा गेली. जास्त चार्म ठेवलेत तर राक्षस पटापट मरतात, पण सांडलेलं उचलायला जागा नाही. कमी ठेवलेत तर जागाच जागा, पण सांडायला आधी राक्षस मरायला तर हवेत. ज्याने छोट्या गाळ्यात दुकान चालवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. शिलाई मशीन ठेवू की कपड्याचे तागे, असाच हा प्रश्न.

माझा ठोकताळा: क्यूब धरून बारा घरं मालासाठी, बाकी सगळी चार्मना. क्यूब चारात बसते, तिच्यात बारा मावतात, शिवाय बाहेर आठ मोकळी. मोकळ्या जागेवर आधी एका घराच्या वस्तू ठेवायच्या, कारण या गेममध्ये सगळ्यात महाग माल बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो. रून, ताईत, अंगठी, ज्वेल, सगळं एकेका घराचं. आठ घरांचा परशू उचलताना मी स्वतःला विचारतो, याच्या जागी आठ ताईत आले असते का? बहुतेक वेळा परशू तिथेच राहतो.

मॅजिक फाइंडचा फसवा आकडा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गेममध्ये ‘मॅजिक फाइंड’ नावाचा गुण आहे. खेळणारे त्याला एमएफ म्हणतात. अंगठी, टोपी, चिलखत यांवर तो टक्क्यांत लिहिलेला असतो. एमएफ जितका जास्त, तितक्या दुर्मीळ वस्तू सांडण्याची शक्यता जास्त. टोपीत किंवा चिलखतात एक ‘परफेक्ट टोपाझ’ खडा बसवला की २४ टक्के. नागेलरिंग नावाची अंगठी आहे, ती १५ ते ३० टक्के देते.

नवा खेळाडू काय करतो? सगळीकडे टोपाझ ठोकतो, दोन्ही बोटांत नागेलरिंग घालतो आणि पडद्यावरचा ५०० आकडा बघून खूश होतो. मीही तेच केलं.

पण ‘युनिक’ म्हणजे सोनेरी अक्षरांच्या वस्तूंसाठी गेम तो आकडा जसाच्या तसा धरत नाही. आत एक सूत्र आहे: एमएफ गुणिले २५०, भागिले (एमएफ अधिक २५०). कॅल्क्युलेटर घ्या. १०० एमएफचे प्रत्यक्षात मिळतात ७१. २५० चे मिळतात १२५. आणि ५०० चे? फक्त १६७. तुम्ही कितीही घाला, २५० च्या पुढे तो जाणारच नाही.

म्हणजे २५० वर तुमची शक्यता मूळच्या साधारण सव्वादोन पट, आणि ५०० वर २.६७ पट. एमएफ दुप्पट केला आणि मिळकत वाढली जेमतेम १९ टक्के. बरं, ही वाढ फुकट आली का? नाही. त्या जागी जी लढायची वस्तू होती ती काढून ठेवावी लागली.

मी घड्याळ लावून बघितलं. मेफिस्टो हा तिसऱ्या अंकाचा शेवटचा राक्षस, सोर्सरेसने मारायला सोयीचा, कारण टेलिपोर्टने उड्या मारत त्याच्यापर्यंत लवकर पोचता येतं. २५० एमएफ आणि चांगल्या हत्यारांनिशी मला एक फेरी साधारण दोन मिनिटांत जमायची. तासाला ३० फेऱ्या, गुणिले २.२५, म्हणजे ६७.५. तेच ५०० एमएफ घालून गेलो तर राक्षस हळू मरायचा, मध्ये मध्ये पळावं लागायचं, फेरी अडीच मिनिटांवर गेली. तासाला २४ फेऱ्या, गुणिले २.६७, म्हणजे ६४. जास्त एमएफ घालून मी तासाला कमी कमावत होतो! आणि त्यात मेलो ते धरलेलंच नाही.

आणखी एक. रून या खेळातला सगळ्यात मौल्यवान मालांपैकी एक, पण रून सांडण्यावर एमएफचा काडीचाही परिणाम होत नाही. रूनसाठी लोक पहिल्या अंकातल्या टॉवरमध्ये काउंटेसच्या मागे लागतात. तिथे टोपाझवाली टोपी घालून जाणं म्हणजे घाऊक गिऱ्हाइकाला काचेच्या ग्लासात सरबत देण्यासारखं आहे. त्याला भाव हवाय, सरबत नाही.

ती रात्र

माझी सोर्सरेस ‘हार्डकोर’ होती. हार्डकोर म्हणजे एकदा मेली की कायमची मेली. साध्या प्रकारात मेलात तर थोडं सोनं जातं, वरच्या पातळीवर थोडा अनुभव जातो, अंगावरचं सामान प्रेताशी जाऊन परत घेता येतं. हार्डकोरमध्ये परत घ्यायला कुणी उरत नाही.

‘हेल’ पातळीवर गेम तुमच्या प्रत्येक प्रतिकारशक्तीतून सरळ १०० वजा करतो. आग, थंडी, वीज, विष, सगळ्यांतून. ते भरून काढून मी विजेचा प्रतिकार ७५ वर नेला होता. एरवी ७५ हीच कमाल मर्यादा. मग मला दोन नागेलरिंग मिळाल्या, दोन्ही तीस-तीसच्या. मी प्रतिकाराच्या दोन अंगठ्या काढल्या आणि या चढवल्या. विजेचा आकडा ७५ वरून ५० वर आला. मनात म्हटलं, पंचवीसच तर कमी झाले.

आता नीट बघा. ७५ टक्के प्रतिकार म्हणजे शंभराच्या फटक्यातले २५ तुम्हाला लागतात. ५० टक्के म्हणजे ५० लागतात. आकडा एक तृतीयांश कमी झाला, पण मार दुप्पट झाला. आणि कमावलं काय? एमएफ २५० चा ३१० झाला, सूत्रातून १२५ चा १३८. युनिक मिळण्याची शक्यता सहा टक्क्यांनीसुद्धा वाढली नाही. सहा टक्क्यांसाठी दुप्पट मार मी हसत हसत विकत घेतला.

वर्ल्डस्टोन कीपमध्ये होतो. तिथे ‘बर्निंग सोल’ नावाची भुतं हिंडतात, लांबून वीज फेकतात. हार्डकोर खेळणारे त्यांच्या नावानेच दचकतात. एक टोळी मारली, आणि जमिनीवर सोनेरी अक्षरांत एका चिलखताचं नाव उमटलं. बॅग भरलेली. चिलखताला सहा घरं हवीत. मी तिथेच, उभ्या जागी, बॅग उघडली.

या गेममध्ये बॅग उघडली तरी खेळ थांबत नाही. उजवा अर्धा पडदा बॅगेने झाकला जातो. काय टाकू, काय ठेवू, असं करत मी एक ढाल बाहेर टाकली आणि दुसरी वस्तू हातात घेतली. भुतं उजवीकडूनच आली. मला दिसली नाहीत, आवाज आला. तीन फटके.

शेजारी माझा भाचा बसला होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला या नादाला लावणारा तोच. तो म्हणाला, “मामा, आधी बाजूला जायचं होतंस ना.” मग जरा वेळाने म्हणाला, “कोणतं चिलखत होतं ते?” मी म्हटलं, “ओळखून घ्यायच्या आधीच गेली रे ती.”

तिच्या अंगावरचं गेलं, तिच्या स्वतःच्या पेटीतलं गेलं. सामायिक पेटीत टाकलेलं तेवढं वाचलं. चार महिन्यांची जमवाजमव होती. बायको म्हणाली, एवढं तोंड पाडून बसायला झालं काय? आता काय सांगणार!

पेटीतली अडगळ

दुसऱ्या दिवशी सामायिक पेटी उघडली. मूळच्या वाढीव भागात पेटी ४८ घरांची होती, नव्या अवतारात एकेक कप्पा १०० घरांचा आहे. माझे कप्पे गच्च भरलेले. काय होतं त्यात? अॅमेझॉनसाठी धनुष्यं. मी अॅमेझॉन कधी खेळलोच नाही. नेक्रोमॅन्सरच्या कांड्या. तोही नाही. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ठेवलेल्या अर्ध्या संचातल्या वस्तू. मला माझ्या जुन्या स्टेशनरी दुकानाचा पोटमाळा आठवला. तिथे सरलेल्या वर्षांच्या डायऱ्यांचे तीन खोके होते. कुणी घेणार नाही हे माहीत होतं, तरी रद्दीच्या भावात द्यायला हात धजत नव्हता. गाळा सोडताना शेवटी टेम्पोवाल्याला वरून पैसे देऊन काढले.

जागा वाढली की शिस्त येते असं नाही, उचलणं वाढतं. याबाबतीत मला ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा दुसरा गेम जास्त प्रामाणिक वाटतो. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ साली काढला. त्यात एवढा माल सांडतो की पडद्यावर नावांचा चिखल होतो. म्हणून तिथे ‘लूट फिल्टर’ वापरतात. आधीच लिहून ठेवायचं की कोणत्या वस्तूचं नाव दिसावं, कोणत्या रंगात, कोणत्या आवाजासह, आणि काय दिसूच नये. निर्णय घरी बसून, शांत डोक्याने, लढाईत नाही. शिवाय वरच्या पातळीच्या नकाशात जायला सहाच दारं उघडतात. मेलात आणि परत आत गेलात तरी एक दार खर्च, बॅग रिकामी करायला गावात जाऊन परतलात तरी एक. उचलण्याचा आणि मरण्याचा खर्च एकाच खात्यावर. याहून सरळ हिशेब मी कुठल्या गेममध्ये पाहिला नाही.

‘डायब्लो टू’त असा फिल्टर मी खेळत होतो तेव्हा नव्हता, म्हणून तो मी कागदावर केला. मॉनिटरला चिकटवलाय. रून, अंगठी, ताईत, चार्म, ज्वेल: नेहमी उचला. सोनेरी आणि हिरवी नावं: टोळी संपल्यावर, बॅगेत जागा असेल तर. बाकी: हात लावायचा नाही. सुरुवातीच्या लेव्हलला सोन्याची चणचण असते तेव्हा चार्जेसवाली कांडी विकायला उचलतो, कारण दोन घरांच्या मानाने दुकानदार तिचे बरे पैसे देतो. बस.

आणि बॅग फक्त गावात उघडायची, किंवा गावाचं दार उघडून त्याला टेकून उभं राहून. वस्तूंची नावं दाखवणारं बटणसुद्धा लढाई चालू असताना बंद. कारण नावं दिसत असली की राक्षसावर मारलेली क्लिक नावावर पडते, आणि तुमची सोर्सरेस हत्यार चालवायचं सोडून ती वस्तू आणायला घोळक्यात चालत जाते.

नवीन सोर्सरेस सध्या ७४ लेव्हलची आहे. एमएफ १८० च्या आसपास, विजेचा प्रतिकार ७५, बोटांत दोन्ही साध्या अंगठ्या. त्या दोन नागेलरिंग जुनीबरोबरच गेल्या. परवा मेफिस्टोने तिसरी सांडली, २९ टक्क्यांची. सामायिक पेटीत ठेवली आहे. भाचा म्हणतो, घालणार नाहीस तर ठेवलीस कशाला? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.