गडावरचं पाणी कोण भरत असेल?

किल्ला म्हटलं की तलवारी, तोफा आणि बुरूज आठवतात. पण मैत्रिणींनो, नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातल्या बाईला गड चढताना पहिला प्रश्न वेगळाच पडतो. एवढ्या उंचावर ही माणसं प्यायची काय आणि रांधायची कशात?

उत्तर हवं असेल, तर जुन्नरचा शिवनेरी बघावा. सात दरवाजे ओलांडून वर गेलं, की अंबरखान्याची पडकी इमारत लागते. अंबरखाना म्हणजे गडाचं धान्याचं कोठार. पुढे गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आणि जन्मस्थानाजवळ बदामी तलाव. म्हणजे वाडे पडले, तट ढासळले, पण गडाचं स्वयंपाकघर आणि माजघर अजून ओळखू येतं!

इथलं पाणी शिवकाळाहूनही कितीतरी जुनं. शिवनेरीच्या कड्यांत सातवाहन काळापासूनची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी कातळात टाकी खोदली जात. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. परदेशी माणूसही दान द्यायचं तर पाण्याचं देत होता.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय इथेच जन्मले. शहाजीराजे मोहिमांवर, आजूबाजूला धामधूम आणि जिजाऊ दिवस भरलेल्या. पोटुशी बाई, बाळंतिणीची अंघोळ, बाळाचे दुपट्टे... घरात बाळंतपण केलेल्या बाईला विचारा, पाणी किती लागतं! ते सगळं वर होतं, म्हणून गड आसरा देऊ शकला. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ते पाणी वाहून आणणाऱ्या बायकांची नावं सापडत नाहीत.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त हेच सांगितलं. गड बांधण्याआधी पाणी पाहावं. एकाच झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून साठवणीची टाकी करावीत आणि ते पाणी जपून वापरावं. आपल्या आजीने हंडे भरून ठेवताना याहून वेगळं काय सांगितलं होतं?

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अभिमान वाटतोच. पण वारसा म्हणायचा आणि त्याच टाक्यात वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकच्या बाटल्या टाकायच्या, हे कसं चालेल? ज्या पाण्याने गड जगवला, ते शत्रूने नव्हे, सहलीला गेलेल्या आपल्यासारख्यांनीच नासवायचं का?

तेव्हा या हिवाळ्यात मुलांना घेऊन जा. घरून पाण्याची बाटली न्या, कचऱ्याला एक पिशवी ठेवा, टाक्यात पाय बुडवू देऊ नका. बुरूज दाखवाच, पण टाक्याच्या काठावर थोडा वेळ थांबा. मुलांना विचारा, रोज इथून घरापर्यंत हंडा नेणारी बाई किती पावलं चालत असेल? मोजायला सांगा. तो इतिहास ती विसरणार नाहीत.