सात फुटी पोराला किती वेळ द्यायचा?

गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या दोन चाहत्यांना एका टेबलावर बसवा, समोर चहा ठेवा आणि फक्त एक नाव घ्या : जेम्स वाइजमन. चहा गार होणार याची गॅरंटी. स्टेफ करी भारी आहे यावर दोघांचं एकमत असेल, कोच स्टीव्ह करबद्दल थोडीफार कुरबुर असेल, पण वाइजमन म्हटलं की दोन तट पडतात. त्याला टीम सोडून काही वर्षं झाली, तरीही पडतात. एक म्हणतो, पोराला धड संधीच दिली नाही. दुसरा म्हणतो, दिली की! त्याला खेळता येत नव्हतं, त्याला कोण काय करणार?

तुम्ही एनबीए फॉलो करत नसाल तरी हा वाद तुम्हाला ओळखीचा वाटेल. ‘अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही’ हे चक्र प्लेसमेंटच्या सीझनमध्ये तुमच्याही वाट्याला येणारच आहे. फरक एवढाच की वाइजमनचं हे चक्र वीस हजार प्रेक्षकांसमोर फिरत होतं.

आधी थोडा इतिहास. सलग पाच वर्षं फायनल खेळलेली वॉरियर्सची टीम २०१९-२० मध्ये दुखापतींनी पार खिळखिळी झाली. ६५ सामन्यांत फक्त १५ विजय, अख्ख्या लीगमध्ये तळाला. एनबीएमध्ये तळाला जाण्याचा एक फायदा असतो. नवे खेळाडू निवडण्यासाठी जो ड्राफ्ट होतो, त्यात तुमचा नंबर लवकर लागण्याची शक्यता वाढते. वॉरियर्सचा लागला दुसरा. पहिल्या नंबरवर मिनेसोटाने अँथनी एडवर्ड्सला उचललं, वॉरियर्सनी वाइजमनला, आणि तिसऱ्या नंबरवर शार्लटने लामेलो बॉलला. त्या वर्षीचा ‘रूकी ऑफ द इयर’ ठरला बॉल. वादाची पहिली ठिणगी इथेच पडली.

वाइजमन तेव्हा १९ वर्षांचा. उंची सात फूट, हात पसरले तर साडेसात. एवढं धूड असून धावायला मात्र चपळ. बास्केटच्या आसपास खेळणाऱ्या अशा उंच खेळाडूला ‘बिग मॅन’ म्हणतात, आणि धावू शकणारा बिग मॅन दिसला की भल्याभल्या निवड करणाऱ्यांचे डोळे दिपतात.

आता या पोराने तोवर किती बास्केटबॉल खेळला होता, ते मोजा. शाळा संपली २०१९ मध्ये. मेम्फिस युनिव्हर्सिटीत गेला, तिथे सामने खेळला तीन. होय, तीनच. त्यांत सरासरी २० च्या आसपास गुण आणि दहावर रिबाउंड्स काढले. मग कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्याला अडवलं. त्याचे कोच पेनी हार्डवे यांनी आधी, शाळेच्या दिवसांत, त्याच्या कुटुंबाला मेम्फिसला घर हलवण्यासाठी ११,५०० डॉलर दिले होते आणि ते नियमात बसत नव्हतं. बारा सामन्यांची बंदी आली. ती संपायच्या आत वाइजमनने कॉलेज सोडलं आणि तो एकटाच ड्राफ्टची तयारी करायला लागला. त्यानंतर आला कोविड. नव्या पोरांचा हात बसावा म्हणून उन्हाळ्यात जी समर लीग होते, ती त्या वर्षी झालीच नाही. त्यात सीझन तोंडावर असताना त्याची स्वतःची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे सराव सामनेही हुकले.

२२ डिसेंबर २०२० ला ब्रुकलिनविरुद्ध तो थेट पहिल्या पाचांत उतरला. शेवटचा अधिकृत सामना खेळून त्याला तेरा महिने झाले होते. त्याने १९ गुण केले! टीम सपाटून हरली, पण चाहत्यांना काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्या दिवसापासून त्याची तुलना मोठमोठ्या सेंटर्सशी सुरू झाली.

डंक सगळ्यांना दिसतो. बिग मॅनचं खरं काम मात्र टीव्हीवर पटकन दिसत नाही आणि या वादातली बरीच गफलत तिथेच आहे. पुढच्या वेळी वॉरियर्सचा सामना बघाल तेव्हा चेंडूकडे न बघता थोडा वेळ फक्त त्यांच्या सेंटरकडे बघा. करीसाठी त्याला स्क्रीन लावायची असते, म्हणजे करीच्या मागे लागलेल्या डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. अंगाचा कोन चुकला तर डिफेंडर निसटतो, आणि तुम्ही हललात तर फाउल. करीवर दोघे धावून गेले की चेंडू बिग मॅनकडे येतो. आता समोर तीन डिफेंडर आणि आपण चौघे. पास द्यायचा, स्वतः घुसायचं की कोपऱ्यातल्या शूटरला शोधायचं, हे सेकंदाभरात ठरवावं लागतं. स्टीव्ह करच्या सिस्टीममध्ये पाठ केलेल्या चाली कमी आणि समोरचं बघून वाचायचं जास्त. पाठांतरावर पास होणाऱ्यांची तिथे दाणादाण उडते.

डिफेन्समध्ये तर आणखी अवघड. समोरून चेंडू घेऊन येणारा गार्ड, पाठीमागे उडी मारायच्या तयारीतला त्यांचा बिग मॅन. पुढे गेलात तर डोक्यावरून पास जातो, मागे राहिलात तर सोपा शॉट. मधल्या जागेत टांगून राहायचं, समोरच्याच्या हुलकावणीवर उडायचं नाही आणि हे सगळं करताना बाकीच्या चौघांना ओरडून सांगायचं की कोण कुठून येतोय. क्रिकेटमध्ये विकेटकीपरला पूर्ण मैदान दिसतं, तसं बास्केटबॉलमध्ये बिग मॅनला दिसतं. बोलायचं त्यानेच. एकोणीस वर्षांच्या, सगळं मिळून तीन कॉलेज सामने खेळलेल्या पोराने ड्रेमंड ग्रीनसारख्या तीन वेळच्या चॅम्पियनला ओरडून जागा सांगायची, कल्पना करा.

साहजिकच तो चुकत होता. हुलकावणीला फसत होता, फाउल करत होता. जानेवारी २०२१ मध्ये मिनेसोटाविरुद्ध २५ गुणही काढले, पण तो कोर्टवर असताना टीम मागे पडायची हे आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. मग एप्रिलमध्ये गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. ३९ सामन्यांवर पहिलं वर्ष संपलं. त्याच्याशिवाय वॉरियर्सनी काय केलं? सीझनच्या शेवटच्या २० सामन्यांपैकी १५ जिंकले.

हा आकडा दुसऱ्या तटाचा हुकमी एक्का. ‘बघा, तो गेला आणि गाडी रुळावर आली!’ पहिला तट म्हणतो, गाडी रुळावर येणारच ना, त्याच्या जागी केव्हॉन लूनी आला. लूनीला हे सगळं शिकायला किती वर्षं दिलीत, ते सांगा की.

आणि लूनीची गोष्ट खरंच विचार करायला लावणारी आहे. २०१५ मध्ये तिसाव्या नंबरवर निवडलेला पोरगा. दोन्ही खुब्यांची ऑपरेशन्स झाली, पहिल्या सीझनमध्ये सामने मिळाले फक्त पाच. २०१७ मध्ये तर वॉरियर्सनी त्याच्या करारातलं पुढचं वर्ष घ्यायलाच नकार दिला, म्हणजे टीमनेच जवळपास हात वर केले होते. तो राहिला. उंची सहा फूट नऊ इंच, उडी बेताचीच. पण स्क्रीनचा कोन, रिबाउंडला उभं राहायची जागा, कधी उडायचं नाही, हे त्याने घोटून घोटून पाठ केलं. २०२१-२२ मध्ये तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. मेम्फिसविरुद्ध मालिकेच्या सहाव्या सामन्यात एकट्याने २२ रिबाउंड्स. त्या जूनमध्ये वॉरियर्स चॅम्पियन झाले. वाइजमनने ते पूर्ण वर्ष सूट घालून बेंचवर बसून बघितलं. गुडघा बरा होत नव्हता, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं होतं.

तुम्हाला वाटेल, चला, लूनीसारखंच त्यालाही वर्षं द्यायची. पण लूनी तिसाव्या नंबरचा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या नंबरच्या पोराकडे पहिल्या दिवसापासून ‘पी हळद आणि हो गोरी’ अशीच अपेक्षा असते. शिवाय ड्राफ्टच्या वेळी करी ३२ वर्षांचा होता. वॉरियर्सच्या मॅनेजमेंटला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या, करी आहे तोवर जिंकायचं आणि करीनंतरची टीमही याच कोर्टवर घडवायची. माझं स्पष्ट मत विचाराल, तर घोडं इथे पेंड खातं. करीच्या उमेदीच्या वर्षांतलं एकेक मिनिट मोलाचं, ते एखाद्याच्या चुकांवर कोण खर्च करणार? करने वाइजमनला बसवलं म्हणून त्याला शिव्या देणारे चाहतेच टीम हरली की त्याला शिव्या देत होते.

२०२२-२३ मध्ये तो परतला, टीमची सुरुवात खराब झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याला सांता क्रूझच्या छोट्या लीगमधल्या टीमकडे शिकायला धाडलं. फेब्रुवारीत ट्रेडही झाला. वॉरियर्ससाठी एकूण सामने ६०. एक पूर्ण सीझन ८२ सामन्यांचा असतो, म्हणजे एवढ्या गाजलेल्या वादाचा अख्खा पुरावा एका सीझनचाही नाही.

पण पहिल्या तटाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. तो गेला डेट्रॉइटला, जिथे जिंकायची घाई नव्हती आणि मिनिटं भरपूर होती. उरलेल्या २४ सामन्यांत सरासरी १२.७ गुण, ८.१ रिबाउंड्स. वाटलं, आता पोरगं उभं राहिलं. पुढच्या वर्षी डेट्रॉइट सलग २८ सामने हरलं, वर्षभरात जेमतेम १४ जिंकलं, आणि अशा टीममध्येही वाइजमन बेंचवरून येत होता. त्याच्या पुढे होता जेलन ड्युरेन, त्याच्याहून अडीच वर्षांनी लहान. ‘मिनिटं द्या, मग बघा’ हा युक्तिवाद तिथे चांगलाच लंगडा झाला. वाया गेलेली दोन-तीन वर्षं नंतर मिनिटं देऊन भरून निघतात का, याचं उत्तर मला तरी ‘नाही’ असंच दिसतं. एकोणिसाव्या वर्षी शंभर सामन्यांत ज्या चुका करून घ्यायच्या, त्या बाविसाव्या वर्षी केल्या की लोक त्याला शिकणं म्हणत नाहीत.

या वादात कुणीतरी निकोला योकिचचं नाव काढतंच. ४१ व्या नंबरवर निवडलेला, नंतर तीनदा एमव्हीपी, ‘बिग मॅनला वेळ लागतो’ याचं चालतंबोलतं उदाहरण. पण निवड झाल्यावर योकिच एक वर्ष सर्बियातच थांबला, तिथल्या मेगा क्लबकडून मोठ्यांच्या लीगमध्ये खेळत राहिला. त्याचे तिथले कोच देयान मिलोयेविच पुढे २०२१ मध्ये वॉरियर्समध्ये आले. म्हणजे वाइजमनला शिकवायला अगदी योग्य माणूस आला, आणि नेमकं त्याच वर्षी शिकणाऱ्याचा गुडघा जायबंदी होता.

आपल्याकडच्या चाहत्यांनी याची आणखी कडू आवृत्ती बघितली आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला. २०१५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, डॅलसने त्याला ५२ व्या नंबरवर निवडलं. ना कॉलेजचे सामने, ना प्रोफेशनल अनुभव. टेक्सासच्या छोट्या लीगमध्ये तो दोन वर्षं होता. एनबीएचा सामना एकही मिळाला नाही, त्यामुळे त्याच्यावर भांडायलाही आपल्याला काही उरलं नाही.

वॉरियर्स मात्र काहीतरी शिकले असावेत. २०२३ मध्ये त्यांनी ट्रेस जॅक्सन-डेव्हिस हा बिग मॅन घेतला, अगदी शेवटाकडे, ५७ व्या नंबरवर. इंडियाना युनिव्हर्सिटीत चार वर्षं आणि शंभराहून जास्त सामने खेळून आलेला. आल्या आल्या त्याला स्क्रीन लावता येत होती, पास देता येत होता. चाहते खूश. ‘असा तयार पोरगा हवा!’

वाइजमनने २०२४ मध्ये इंडियाना पेसर्सशी करार केला. हीच ती टीम, जी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध खेळून गेली, तुमच्यापैकी काही जण शाळेत असताना गेलेही असाल. सीझनचा पहिलाच सामना, २३ ऑक्टोबर, आणि तोही डेट्रॉइटमध्ये, जुन्या टीमविरुद्ध. तो बेंचवरून आला, पाचेक मिनिटांत सहा गुण केले. मग डाव्या पायाचा अकिलीस टेंडन तुटला आणि सीझन तिथेच संपला. त्या रात्री तो २३ वर्षांचा होता, वॉरियर्सच्या त्या ‘तयार पोरा’पेक्षा एका वर्षाने लहान.