लस, परिचारिका आणि संमती : सिएटलच्या वादाचा बोध

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण होत. परिचारकाने आपल्या देहातून रोग्याला व्याधीची बाधा होऊ देऊ नये, असा शौचाचा अर्थ आज घेतल्यास तो अप्रस्तुत ठरणार नाही. मग त्यासाठी त्याच्यावर लसीची सक्ती करावी काय? कोविडच्या साथीत, २०२१ साली, हा प्रश्न जगभर गाजला. परंतु अमेरिकेतील सिएटल शहरात तो त्यापूर्वीच कसोटीस लागला होता.

तेथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००४ साली असे जाहीर केले की, सर्व कर्मचाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी; न घेणाऱ्यास नोकरी गमवावी लागेल. असा नियम करणारे ते अमेरिकेतील पहिले रुग्णालय मानले जाते. तेथील परिचारिकांचे प्रतिनिधित्व वॉशिंग्टन स्टेट नर्सेस असोसिएशन ही संघटना करीत होती. तिने या नियमास हरकत घेतली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. संघटनेचा लसीला विरोध नव्हता. परिचारिकांनी लस घ्यावी, असेच तिचे मत होते. आक्षेप होता तो नोकरीची नवी अट वाटाघाटीवाचून एकतर्फी लादण्याला. उभयपक्षी झालेल्या करारात अशी अट नसताना ती मालकाने परस्पर घालू नये, एवढाच तिचा मुद्दा. २००५ साली लवादाने तो मान्य केला. रुग्णालय न्यायालयात गेले. रोगप्रसार रोखणे हे सार्वजनिक हिताचे धोरण असल्याने लवादाचा निवाडा रद्द व्हावा, असा त्याचा युक्तिवाद होता. डिसेंबर २००७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला व लवादाचा निवाडा कायम केला. दरम्यान लस न घेणाऱ्या परिचारिकांना मुखपट्टी बंधनकारक झाली आणि त्यावरूनही तंटा झाला.

नाण्याची दुसरी बाजूही मांडणे आमचे कर्तव्य आहे. सक्तीच्या पहिल्या वर्षी या रुग्णालयातील ४,७०३ कर्मचाऱ्यांपैकी ४,५८८ जणांनी, म्हणजे ९७.६ टक्क्यांनी, लस घेतली. लसीस नकार देऊन नोकरी सोडणारे अत्यल्प होते. सक्तीने आकडा वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे कॅनडात ‘लस घ्या अथवा मुखपट्टी बांधा’ या नियमावर वाद झाले. २०१३ साली ब्रिटिश कोलंबियातील लवादाने तो नियम योग्य ठरवला. मात्र ऑन्टारिओमध्ये परिचारिका संघटनेच्या तक्रारींवरून २०१५ व २०१८ साली दोन लवादांनी पुरावा अपुरा म्हणून तो अयोग्य ठरवला. तज्ज्ञांच्या साक्षी होऊन, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून हे निर्णय झाले. संघटना असल्याचा खरा लाभ हाच की, मालकाला आपल्या नियमामागचे प्रमाण मांडावे लागते.

आपल्याकडे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. तथापि समाजाच्या आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. लसीकरणाचे धोरण त्याच न्यायालयाने अवाजवी मानले नाही.

आमच्या काही वैद्यबंधूंना अशा बातम्या म्हणजे लसीविरुद्धचा पुरावा वाटतात. हे सत्यास धरून नाही. सिएटलचा निवाडा लसीच्या गुणदोषांवर नव्हताच. आपले शास्त्र मोठे ठरावे म्हणून दुसऱ्याच्या तंट्यातून सोयीचा अर्थ काढणे वैद्याला शोभत नाही. रुग्णाने लसीविषयी विचारल्यास त्यास खरे तेच सांगावे.

औषधालयांच्या मालकांसाठीही यात बोध आहे. भल्लातकाचे शोधन करणाऱ्या कामगाराने हातमोजे घालावेत, हा नियम रास्तच. पण हातमोजे सायंकाळी उतरवता येतात, टोचलेली लस उतरवता येत नाही. म्हणून कामगाराच्या देहास स्पर्श करणारा नियम करताना आधी त्याला बोलवावे, कारण समजावून सांगावे, त्याची शंका ऐकावी, प्रकृतीची अडचण असल्यास पर्याय द्यावा आणि ठरेल ते लिहून ठेवावे. यास थोडा वेळ लागतो. परंतु परिचारकास चिकित्सेचा पाद मानणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. ज्या पादावर चिकित्सा उभी राहते, त्याला न विचारता नियम करणे आपणांस शोभेल काय?