चर्चेची मंडळे आणि निरोपांचा पूर

शेतीची सुधारणा बियाणे, खते व अवजारे यांवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती शेतकऱ्यांच्या आपसांतील विचारविनिमयावर अवलंबून असते. चर्चेत प्रश्नाला उलट प्रश्न विचारला जातो, अनुभव पडताळून पाहिला जातो आणि ठरलेली गोष्ट पुढील हंगामासाठी लक्षात राहते. निरोपाचे तसे नसते. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि विरून जातो. गेल्या काही वर्षांत इंटरनेटवरील चर्चेची जुनी ठिकाणे ओसरत गेली व त्यांची जागा झटपट निरोपांनी घेतली. या बदलाचा विचार शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही करणे अगत्याचे आहे.

पुणे केंद्राचा प्रयोग

संघटित चर्चेचे महत्त्व महाराष्ट्रात पूर्वीच सिद्ध झाले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका पुणे केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत शेतकऱ्यांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे मात्र ही भर अल्प होती. लाभ यंत्राने होत नाही, यंत्राभोवती बसून केलेल्या चर्चेने होतो, असा याचा अर्थ.

इंटरनेटवरील मंडळे

पुढे इंटरनेट आले आणि मराठी माणसांनी तेथेही अशी मंडळे उभारली. १९९६ मध्ये मायबोली, २००४ मध्ये मनोगत आणि २००७ मध्ये मिसळपाव ही संकेतस्थळे सुरू झाली. याहू कंपनीच्या सेवेवरही असंख्य गट चालत. या ठिकाणी प्रत्येक विषयाचा स्वतंत्र धागा असे. एखाद्याने विचारलेला प्रश्न व त्यास मिळालेली उत्तरे एकाखाली एक राहत आणि अनेक वर्षांनी शोधणाऱ्या अनोळखी माणसासही ती सापडत.

फेसबुक व व्हॉट्सॲप यांचा प्रसार झाला, २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि लोक तिकडे वळले. ऑर्कुट २०१४ मध्ये व याहूचे गट २०२० मध्ये बंद पडले. मायबोलीसारखी ठिकाणे आजही चालू आहेत. परंतु पूर्वीची वर्दळ तेथे राहिलेली नाही.

या बदलाने काही हित साधले, हे मान्य करावयास हवे. ज्याने संगणकास कधी हात लावला नव्हता, असा शेतकरी आज बांधावरून पिकाचे छायाचित्र पाठवू शकतो. ज्यास लिहिण्याचा सराव नाही, तो बोलून प्रश्न विचारू शकतो. मात्र त्याचा प्रश्न शुभेच्छा, बातम्या व चित्रे यांच्या गर्दीत तासाभरात वर सरकून जातो. उत्तर आले तरी ते गटाबाहेरील माणसास सापडत नाही. त्यामुळे गतवर्षीचाच प्रश्न यंदा पुन्हा विचारावा लागतो.

करपा कोणता?

२०२५ साली राजगड हे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यात व शेजारच्या भोर तालुक्याच्या डोंगराळ भागात भात हे मुख्य पीक आहे. अनेक कुटुंबांचे वर्षाचे धान्य या खाचरांतून येते. समजा, भाद्रपदात एखाद्या शेतकऱ्याने गटावर विचारले, "भातावर करपा आला आहे, काय करावे?" हा प्रश्न अपुरा आहे. साधा करपा बुरशीमुळे होतो. त्यात पानावर मध्ये करड्या व कडेने तपकिरी रंगाचे, डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. कडा करपा जिवाणूंमुळे होतो. त्यात पान शेंड्याकडून व कडांनी नागमोडी पिवळे पडून वाळत येते. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरल्यास कापलेल्या भागातून दुधाळ स्राव निघतो, ही कडा करप्याची सोपी खूण होय.

दोहोंचे उपाय भिन्न आहेत. बुरशीच्या करप्यात खाचरातील पाणी टिकवावे. कडा करप्यात ते काढून द्यावे. बुरशीनाशकाने कडा करपा हटत नाही, पैसा मात्र जातो. युरियाचा हप्ता दोन्ही रोगांत थांबविणे इष्ट असते. जुन्या पद्धतीच्या चर्चेत "ठिपके कसे आहेत?" असे कोणीतरी विचारलेच असते. घाईच्या निरोपात औषधाचे नाव तेवढे येते, आणि पीक हातचे जाते.

काय करावे?

व्हॉट्सॲप सोडून देण्याचे कारण नाही. त्यास चर्चेची शिस्त लावली म्हणजे पुरे.

१. गावातील शेतीचा गट स्वतंत्र ठेवावा. त्यावर शुभेच्छा व इतर मजकूर टाकू नये.

२. प्रश्न विचारताना वाण, लावणीची तारीख, दिलेली खते व गेल्या आठवड्याचे हवामान कळवावे. पानाचे जवळून एक व संपूर्ण चुडाचे एक अशी दोन छायाचित्रे पाठवावीत.

३. ज्या संदेशात सल्ला देणाऱ्याचे नाव व पीक यांचा उल्लेख नाही, त्यातील औषधाचे प्रमाण वापरू नये व तो पुढेही पाठवू नये.

४. शंका राहिल्यास कृषी कार्यालयाकडे किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

५. कार्यकर्त्याने एक नोंदवही ठेवावी. प्रश्न, उत्तर, उत्तर देणाऱ्याचे नाव, तारीख व शेतात आलेला परिणाम तीत लिहावा. महिन्यातून एकदा ती चावडीवर वाचून दाखवावी.

यांतील पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मोबाईल बदलतो, गट मोडतो, कंपनी आपली सेवा बंद करते. नोंदवही गावात राहते. यंदाच्या खरिपात एका खाचरावर जे शिकावयास मिळाले, ते पुढील खरिपात साऱ्या गावाच्या उपयोगी पडावे, याची तजवीज या एका वहीने होऊ शकेल.