टेकडीमागची वस्ती

जपान हे बुद्धाला मानणारे राष्ट्र, तेव्हा तेथे शिवाशिव कशी असेल, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथे जाऊन राहिलेल्या एका परदेशी माणसाने काय पाहिले, ते वाचकांनी जरूर जाणून घ्यावे.

त्याचे नाव लाफ्कादिओ हर्न. जन्म 1850 चा. आई ग्रीक, वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत डॉक्टर. लहानपणीच एक डोळा गेला. पुढे अमेरिकेत वर्तमानपत्रात काम करताना 1874 साली त्याने एका काळ्या स्त्रीशी लग्न केले. ती जन्माने गुलाम होती. ओहायो राज्याच्या कायद्याला असे लग्न मंजूर नव्हते. वर्षभरात नोकरी गेली. लग्नही टिकले नाही.

1890 मध्ये तो जपानला आला आणि मात्सुए या गावी इंग्रजीचा शिक्षक झाला. तेथेच सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी त्याने संसार मांडला. 1896 साली जपानी नागरिकत्व घेतले, कोइझुमी याकुमो हे नाव घेतले आणि 1904 मध्ये तोक्योत शेवटचा श्वास घेतला.

मात्सुएची पहाट त्याने मोठ्या प्रेमाने लिहून ठेवली आहे. भात कांडणाऱ्या मुसळाचा दणका त्याला गावाच्या नाडीसारखा वाटे. मग विहाराची घंटा, मुळे-सलगम विकणाऱ्यांच्या हाका, उगवत्या सूर्याकडे तोंड करून टाळ्या वाजवणारी माणसे, पुलावर लाकडी खडावांची खडखड. आपल्या आयाबायांनी उखळावर काढलेल्या पहाटा आठवाव्यात असेच हे वर्णन आहे.

जपानी हास्यावरही त्याने लिहिले. योकोहामातील एका बाईंची मोलकरीण हसत हसत येऊन म्हणाली, नवरा वारला, अंत्यविधीला जाऊ का? संध्याकाळी अस्थींचे भांडे दाखवतानाही ती हसली. बाईंना ती दगडाच्या काळजाची वाटली. हर्न सांगतो, आपले दुःख दुसऱ्यावर लादू नये, ही तिथली रीत आहे. त्याचे म्हणणे पटते. तरी हसायचे मोलकरणीने आणि बरे वाटायचे मालकिणीला, एवढे आपण ध्यानात ठेवावे!

रीतीभाती अशा आवडीने टिपणारा हा माणूस 1891 च्या वसंतात गावामागच्या टेकडीतल्या खबदाडात गेला. तेथे ‘यामा-नो-मोनो’ म्हणजे डोंगरातले लोक राहत. रद्दी, चिंध्या, जुन्या बाटल्या यांचा त्यांचा धंदा. गावातला कोणी प्रतिष्ठित माणूस तिकडे फिरकत नसे. हर्नला तेथे काय दिसले? नीटनेटकी घरे, बागा, झाडे, सार्वजनिक स्नानगृह आणि कपडे धुण्याची जागासुद्धा. टेकडीपलीकडच्यांइतकीच यांनाही स्वच्छ कपड्यांची आवड आहे, असे त्याने मुद्दाम नोंदवले. तेथील बायका ‘दाइकोकु-माई’ नावाची गाणी गात. गाणे ऐकायला गावाला आवडे, पण गाणारीला घरात घेणे नाही! हर्नने ती गाणी लिहून घेतली, भाषांतर करवले आणि 1896 च्या ‘कोकोरो’ या पुस्तकाला जोडली.

अस्पृश्यता रद्द केल्याचा सरकारी हुकूम 1871 सालचा. म्हणजे हर्न गेला तेव्हा त्याला वीस वर्षे झाली होती. हुकूम कागदावर, वस्ती टेकडीमागे! पुढे 3 मार्च 1922 रोजी क्योतो येथे या बहिष्कृतांनी स्वतःच ‘सुइहेइशा’ ही संघटना उभारली. महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे.

आपल्याला जास्त लागणारी गोष्ट पुढची आहे. जपानमध्ये मृताला विहाराकडून धम्मनाम मिळते, ते दगडावर कोरतात. बहिष्कृतांच्या कित्येक दगडांवर भिक्खूंनी ‘पशू’ अशा अर्थाची अक्षरे घातली होती. बुद्धाच्याच नावाने चालणाऱ्या विहारांत हे घडले. 1975 साली तर त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांची यादी उघडकीस आली. नोकरी देण्याआधी उमेदवार कुठला आहे हे पाहण्यासाठी कंपन्या ती गुपचूप विकत घेत होत्या.

मात्सुएतील हर्नचे घर आजही जपलेले आहे. पर्यटक तेथील बाग पाहतात. बहिष्कृतांविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठी जपानच्या संसदेने 2016 च्या डिसेंबरात पुन्हा एक कायदा केला. त्यात शिक्षेची तरतूद नाही.